डीएनए जुळला म्हणजे खुनी सापडला का?

मे 2012 मध्ये रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे गावाजवळच्या जंगलात एक जळालेला मृतदेह सापडला. मृत व्यक्ती कोण, हे कोणालाच माहीत नव्हते. काही नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले गेले, बाकीचे अवशेष तिथेच पुरले आणि गुन्हा काही नोंदवला गेला नाही. प्रकरण तीन वर्षे तसेच पडून राहिले.

ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी बेकायदा शस्त्राच्या प्रकरणात एका ड्रायव्हरला पकडले. त्याने दिलेल्या माहितीवरून ती जागा पुन्हा खणण्यात आली. मिळालेल्या हाडांची तपासणी कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत झाली. त्यांचा डीएनए इंद्राणी मुखर्जी यांच्या डीएनएशी आई आणि मूल या नात्याने जुळतो, असा अहवाल सप्टेंबर 2015 मध्ये आला. मृतदेह शीना बोरा हिचा आहे, असे तपास यंत्रणेने म्हटले. मुखर्जी यांनी आरोप नाकारले आहेत आणि बचाव पक्षाने त्या हाडांबद्दलही शंका घेतली आहे. म्हणून कोण दोषी यावर इथे काहीच बोलायचे नाही. पण डीएनए नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

बघा, त्या अहवालाने "खून कोणी केला" हे सांगितले नाही. "ही हाडे कोणाच्या मुलाची" एवढेच सांगितले. बाकीचे सगळे साक्षी, फोनचे रेकॉर्ड आणि जबाब यांवर उभे राहते. आपल्याकडे मात्र चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत "डीएनए जुळला, संपला विषय" असेच बोलले जाते.

डीएनए जुळतो म्हणजे काय?

आपली मुले दहावीला "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा धडा शिकतात. त्यातली मूळ गोष्ट सोपी आहे. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो, त्यातला अर्धा अम्मीकडून येतो आणि अर्धा अब्बांकडून. माणसामाणसांत बहुतेक डीएनए सारखाच असतो. पण काही ठिकाणी अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हा आकडा माणसागणिक बदलतो. प्रयोगशाळेत अशी साधारण वीस ठिकाणे तपासतात. सगळ्या ठिकाणचे आकडे योगायोगाने जुळणे जवळजवळ अशक्य असते. त्याला अपवाद एकसारख्या जुळ्या भावंडांचा.

ही पद्धत 1984 मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधली. खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा तिथल्या दोन मुलींच्या खुनांत (1983 आणि 1986) वापरली गेली. पोलिसांनी एका 17 वर्षांच्या मुलाला पकडले होते आणि त्याने एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएने दाखवले की तो निर्दोष आहे. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. म्हणजे या तंत्राने पहिल्यांदा एका बेगुनाह मुलाला सोडवले. पोलिसांसमोरची कबुली किती कच्ची असू शकते, हेही त्याच वेळी कळले. आपल्या देशात हे तंत्र हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी उभे केले.

नवीन तंत्र कोणते?

जुन्या पद्धतीला तुलनेसाठी संशयित लागतो. संशयितच नसेल तर? यावर अमेरिकेत 2018 मध्ये वेगळा मार्ग निघाला. कॅलिफोर्नियात 1970 आणि 80 च्या दशकांत 13 खून आणि अनेक बलात्कार करणारा माणूस कधी सापडलाच नव्हता. पोलिसांनी जपून ठेवलेल्या नमुन्यातून लाखो ठिकाणांचा डीएनए वाचला आणि लोक आपले दूरचे नातेवाईक शोधायला वापरतात त्या जीईडीमॅच या वेबसाइटवर टाकला. गुन्हेगार त्यात नव्हता, पण त्याचे लांबचे भाऊबंद होते. त्यांचा शजरा, म्हणजे वंशावळ, मांडत मांडत पोलीस जोसेफ डीअँजेलो या 72 वर्षांच्या माजी पोलिसापर्यंत पोहोचले. मग त्याच्या गाडीच्या दाराचा आणि कचऱ्यातल्या टिश्यू कागदाचा नमुना गुपचूप घेऊन जुन्या पद्धतीने पक्की जुळणी केली. 2020 मध्ये त्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला जन्मठेप झाली.

याच तपासात आधी ओरेगॉन राज्यातल्या एका नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्याकडे बोट गेले होते. तो निर्दोष निघाला. शजरा फक्त दिशा दाखवतो.

आपल्याकडे हे तंत्र जसेच्या तसे चालणार नाही. तेवढ्या लोकांचा डीएनए असलेल्या वेबसाइट इथे नाहीत. दुसरे कारण आपल्या खानदानांत आहे. सख्ख्या चुलत भावंडांत साधारण 12.5 टक्के डीएनए सामायिक असतो. पण जिथे पिढ्यानपिढ्या चुलत-मामे भावंडांत आणि त्याच चार गावांत निकाह होतात, तिथे लांबचा नातेवाईकही जवळचा दिसू लागतो. कोल्हार, लोणी, राहुरी, श्रीरामपूर एवढ्या पट्ट्यात सोयरिकी असलेल्या घरांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याच बिरादरीत नाही, जातीत लग्न करणाऱ्या सगळ्याच समाजांत हे होते. अशा ठिकाणी नुसत्या नात्याच्या जुळणीवर बोट दाखवले तर भलताच माणूस अडकू शकतो.

नमुना ही अमानत आहे

यंत्र कितीही चांगले असो, त्यात जाणारा नमुना खराब असेल तर निकालही खराब येतो. ठाणे जिल्ह्यातील 2010 च्या एका लहान मुलीच्या खुनात आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. डीएनए अहवाल होता, पण नमुने पाठवायला उशीर का झाला याचा खुलासा नव्हता आणि त्यांत भेसळ झालीच नसेल याची खात्री नव्हती. त्या मुलीच्या आई-वडिलांचा विचार करा. नमुने नीट न सांभाळल्याने आरोपीची तेरा वर्षे गेली आणि त्या घरालाही इन्साफ मिळाला नाही.

शीना बोरा खटल्यातही जून 2024 मध्ये सरकारी पक्षाने कोर्टात सांगितले की हाडे सापडत नाहीत. पुढच्याच महिन्यात ती सीबीआयच्या दिल्ली कार्यालयात असल्याचे कळवण्यात आले.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका खटल्यात देशभरासाठी नियम घालून दिले. नमुना गोळा केल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण लिहिले पाहिजे. सीलबंद नमुना खटला सुरू असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडता येणार नाही. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला, याची नोंदवही कोर्टाच्या कागदांना जोडली पाहिजे.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट मय्यतीची. संशयास्पद मृत्यू झाला की आपल्याकडे घाई होते: पोस्टमॉर्टेम नको, बेहुरमती नको, असरच्या आत तदफीन करू. भावना समजण्यासारखी आहे. पण नखांखालचा, कपड्यांवरचा पुरावा गुसलनंतर परत मिळत नाही. दफन झालेल्या देहाच्या दातांतून आणि मांडीच्या हाडातून पुढे डीएनए काढता येतो, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने कबर उघडताही येते. पण त्यातून बहुधा "मय्यत कोणाची" एवढेच कळते. "हात कोणाचा" हे कळण्याची वेळ निघून गेलेली असते. शंका असेल तर काही तास थांबणे हेच त्या जिवाचा हक्क अदा करणे आहे.

दुसरी, घरातले कोणी बेपत्ता असेल तर. तक्रारीनंतर पोलिसांना सांगा की गरज पडल्यास आई-वडील किंवा मुले रक्ताचा नमुना द्यायला तयार आहेत. बेवारस म्हणून पुरलेल्या कितीतरी मय्यतींना नाव मिळण्याचा हाच रस्ता आहे.

तिसरी, घरातल्या कोणावर आरोप असेल तर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर आरोपीचा नमुना घेऊ शकतात. तो देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा कायदा आहे. स्त्री आरोपीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. मारामारी करून नकार देऊ नका, वकिलाला हे विचारा: नमुना कोणत्या तारखेला घेतला? प्रयोगशाळेत कधी पोहोचला? सील शाबूत होते का? मधले दिवस तो कोणाकडे होता? आणि डीएनए तिथे पोहोचायला दुसरे काही साधे कारण असू शकते का? एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा केस उशीवर सापडणारच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. त्यासाठी 15100 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. हा क्रमांक घरात लिहून ठेवा आणि मोहल्ल्यातल्या ज्या घराचा खटला चालू आहे त्यांनाही कळवा.