बटण दाबल्यापासून पहिल्या बीपपर्यंत

‘कॉम्प्युटर चालू होत नाहीये’ म्हणत कुणी दुकानात आलं, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा मुरलेला कारागीर लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही. आधी विचारतो, पंखा फिरतो का? बीप येतो का? डिस्प्ले येतो का? गिऱ्हाइकाला वाटतं, हा वेळ काढतोय. प्रत्यक्षात या तीन उत्तरांत त्याचं निम्मं निदान होऊन गेलेलं असतं. बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत डेस्कटॉपच्या पोटात जे जे घडतं, त्याचा क्रम पक्का ठरलेला आहे. मागचं काम पुरं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. त्यामुळे यंत्र कुठवर पोचून थांबलं एवढं कळलं, की बिघाड कुठे शोधायचा हेही बहुतेक कळतं. आणि हा क्रम एकदा समजून घेतला, की यंत्र एखाद दिवशी बंद का पडलं यापेक्षा ते रोज सकाळी निमूट चालू कसं होतं, याचंच नवल वाटायला लागतं.

बटणापासूनच बघा. दिव्याचं बटण वीज जोडतं किंवा तोडतं. डेस्कटॉपचं बटण तसलं काहीच करत नाही. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ ही मांडणी आणली, त्याआधीच्या कॉम्प्युटरांचं बटण खरोखर मेनची वीज तोडायचं. दाबलं की खटकन आवाज यायचा. आताचं बटण मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, बस्स. म्हणूनच कॅबिनेटचं बटण मोडलं असेल, तर कारागीर त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतो आणि यंत्र सुरू होतं. बघणारा थक्क होतो.

पण पिना जोडल्या गेल्या हे कळायला आत कुणीतरी जागं हवं. ते असतं. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत ‘बंद’ कॉम्प्युटरमध्येही पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा अखंड सुरू असतो. वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात जांभळी वायर असते, ती याची. शटडाऊन केल्यावरही पुष्कळदा माउसचा दिवा जळत राहतो किंवा नेटवर्कच्या केबलजवळचा ठिपका लुकलुकतो, तो याच पुरवठ्यावर. इंटेलच्या चिपसेटमध्ये तर एक वेगळाच छोटा प्रोसेसर दडलेला असतो आणि तो मुख्य प्रोसेसरच्या आधी कामाला लागतो. २०१५ च्या सुमारापासून त्यावर ‘मिनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी मूळ मिनिक्स १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बाहेर काढली होती. आपली ही निर्मिती इतक्या यंत्रांत जाऊन बसली आहे हे खुद्द त्यांना २०१७ साली बातम्यांतून कळलं. मग त्यांनी इंटेलला एक खुलं पत्र लिहिलं.

बटण दाबूनही दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, अशी स्थिती असेल तर संशय याच टप्प्यावर घ्यायचा. प्लग, स्पाइक बस्टर, आणि एसएमपीएसच्या पाठीवरचं छोटं काळं बटण. केर काढताना धक्का लागून ते बंद होतं आणि माणसं अख्खं कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेतात.

पिना जोडल्या गेल्या, की मदरबोर्ड एका हिरव्या वायरीतून एसएमपीएसला खूण करतो. त्या डब्यात मग जे चालतं ते थरारक आहे. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज आत शिरताच तिची ३०० व्होल्टच्या वरची एकदिश वीज होते, सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडले जातात, आणि त्यातून बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट असे सौम्य पुरवठे निघतात. (प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांत जीवघेणी वीज साठलेली राहू शकते. तो डबा घरी उघडू नये. उरलेलं कॅबिनेट प्लग काढून खुशाल उघडा.) पण पुरवठा सुरू झाला म्हणून प्रोसेसर लगेच धावत सुटत नाही. त्याला अडवून ठेवलेलं असतं. बारा व्होल्ट म्हणजे ११.४ ते १२.६ च्या आतच हवेत, बाकीचेही तसेच पाच टक्क्यांच्या मर्यादेत. ते तसे स्थिरावले, की एसएमपीएस आणखी किमान एक दशांश सेकंद थांबतो आणि मगच करड्या वायरीतून ‘वीज ठीक आहे’ असा निरोप पाठवतो. तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचं घड्याळ तेवढ्या वेळात तीस कोटी ठोके टाकू शकतं. तेवढा वेळ त्याने नुसतं थांबायचं.

पंखा अर्धी फेरी मारून थांबतो, परत दाबलं तरी तेच, हे दृश्य इथलं आहे. कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएसने स्वतःला आवरून घेतलं आहे. मदरबोर्डखाली सांडलेला एखादा स्क्रू असेल, जळलेलं ग्राफिक्स कार्ड असेल. जुन्या बोर्डावर डोकं फुगलेले कॅपॅसिटरही दिसतील. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले असे कॅपॅसिटर जगभरच्या यंत्रांत गेले आणि फुगून फुटले. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: सगळं काढायचं, प्रोसेसर आणि एकच रॅम ठेवायची, मग एकेक भाग जोडत दर वेळी बटण दाबून बघायचं.

आता माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत विलक्षण जागा. निरोप मिळाला, प्रोसेसर सुटला. त्या क्षणी त्याला काहीही आठवत नाही. विंडोज म्हणजे काय, कीबोर्ड कुठे आहे, रॅम किती आहे, काही नाही. घडणीतच कोरलेली एकच गोष्ट त्याच्यापाशी असते: एक पत्ता. ४,२९,४९,६७,२८०. चार गिगाबाइटच्या सीमेच्या बरोबर सोळा घरं अलीकडे. तिथे जायचं आणि जी आज्ञा सापडेल ती पाळायची. १९७८ च्या इंटेल ८०८६ मध्येही हीच रीत होती, फक्त तेव्हाची सीमा एक मेगाबाइटची होती. पत्ता तिच्याही सोळा घरं अलीकडचाच. आणि गंमत म्हणजे आजचा चौसष्ट बिटांचा प्रोसेसरही डोळे उघडतो तो त्या ८०८६ च्याच सोळा बिटांच्या चालीत, आणि मग टप्प्याटप्प्याने स्वतःच्या काळात येतो. ही जुनी चाल काढून टाकावी असा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळून ठेवला.

त्या पत्त्यावर उत्तर देते ती बोटाच्या नखापेक्षा लहान, बहुधा आठ पायांची एक चिप. तिच्यात बायोस, म्हणजे यंत्र जागं करणाऱ्या पहिल्या आज्ञांचा संच असतो. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, बोलताना आपण दोन्हींना बायोसच म्हणतो. ही चिप नसती तर काय झालं असतं? १९७५ मध्ये आलेला अल्टेअर ८८०० आठवा. त्याला चालू केलं की तो नुसता बसून राही. पुढच्या पट्टीवरचे स्विच खालीवर करून पहिल्या आज्ञा माणसाने बोटांनी भरायच्या, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पॉल ॲलन त्याच यंत्रासाठी बिल गेट्सबरोबर लिहिलेली बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची आवृत्ती घेऊन अल्बुकर्कला निघाला होता. विमान खाली उतरू लागलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की ती कागदी टेपवरची बेसिक यंत्रात ओढून घेणाऱ्या सुरुवातीच्या आज्ञा दोघांनी लिहिल्याच नाहीत. त्याने त्या विमानातच लिहून काढल्या. पुढे स्विच खालीवर करून त्या भरल्या, टेप वाचली गेली, आणि यंत्राने दोन अधिक दोनचं उत्तर चार दिलं. त्या मूठभर आज्ञांचं काम आज ती आठ पायांची चिप रोज बिनबोभाट करते.

पुढे अडचण येते ती रॅमची. बायोसला काम करायला थोडी जागा लागते, आणि रॅम अजून वापरण्याजोगी झालेलीच नसते. मग बहुतेक इंटेल यंत्रांत प्रोसेसर स्वतःच्या पोटातली कॅश हीच तात्पुरती रॅम म्हणून वापरतो आणि तिच्या आधाराने खरी रॅम चालू करतो. रॅम चालू करणं म्हणजे तरी काय? डीडीआर-५ या जातीच्या रॅमच्या ६००० वेगाच्या पट्टीत एकेका वायरीवरून सेकंदाला सहाशे कोटी बिट जातात. एक बिट टिकतो तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर पुढे जातो. बोर्डावरच्या दोन वायरींच्या लांबीत मिलिमीटरचा फरक पडला, तरी तो दखल घेण्याजोगा. मैफलीआधी गवई तंबोरा जुळवतो तसं प्रोसेसर एकेक वायर जुळवतो: माहीत असलेला नमुना लिहितो, परत वाचतो, वेळ किंचित पुढे-मागे सरकवतो, पुन्हा वाचतो. डीडीआर-५ ची नवी पट्टी लावल्यावर पहिल्यांदा हे जुळवणं काही मिनिटंसुद्धा चालतं. तेवढा वेळ पडदा काळा. पट्टी खराब निघाली म्हणून लोक मध्येच वीज तोडतात, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थांबा, चहा करून या.

पंखे जोरात फिरताहेत, पण डिस्प्ले नाही, ही तक्रार फार वेळा याच टप्प्याची असते. इथे आपल्या कारागिरांचा खोडरबर कामाला येतो. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलका फिरवायचा, कण झटकून ती दोन्ही बाजूंनी ‘टक्’ होईतो बसवायची. अडाण्याचा इलाज म्हणून हसू नये. सोन्याला गंज चढत नाही, पण धूळ आणि बोटांचा घाम यांचा थर बसतो, कोकणपट्टीच्या दमट हवेत जास्तच. त्या पट्टीला २८८ पिना असतात आणि त्यातली एक नीट टेकली नाही तरी जुळवणी फसू शकते. काढून पुन्हा बसवताना पिनांचं जे घासणं होतं, तेवढ्यानेही अनेकदा काम होतं. यंत्र घरी नवं जोडलं असेल, तर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वीजवायर लावली आहे ना, हेही बघा. ती राहिली तर पंखे फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो.

रॅम नसताना, पडदा नसताना यंत्राने तक्रार करायची कशी? १९८१ च्या आयबीएम पीसीने बीप काढला. सगळं ठीक असेल तर एक आखूड. पुढे आवाजांची एक भाषाच तयार झाली; जुन्या पुष्कळ बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. कंपनीगणिक ही भाषा बदलते, म्हणून आपल्या बोर्डाचं पुस्तक टाकून देऊ नये. आजच्या बऱ्याच कॅबिनेटांत स्पीकर येत नाही, तो वेगळा मिळतो आणि फार स्वस्त असतो. नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ते क्रमाने लागून विझतात. जो विझत नाही, तिथे गाडी अडली.

व्हीजीएचा दिवा अडला तर आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की चुकून मदरबोर्डात, ते पाहा. बूटचा अडला तर मागे राहून गेलेला पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कची वायर. दर वेळी तारीख मागच्या एखाद्या वर्षाची दिसत असेल तर सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला आहे. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाचं घड्याळ प्लग काढलेला असताना तोच चालवत असतो. तो बदलायला मिनिट लागतं.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा पंखा, बीप आणि अडलेला दिवा ही माहिती सांगा, जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ दाखवा. आणि दिवा सीपीयू किंवा डीरॅमवरच अडलेला असताना कुणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणालं, तर कॅबिनेट उचला आणि दुसरं दुकान गाठा. त्या टप्प्यावर यंत्राने तुमच्या हार्ड डिस्ककडे अजून पाहिलेलंसुद्धा नसतं.