आधी मुठी मोजा! जुन्या रोबो-गाडीच्या मोलभावाच्या चटपटीत गोष्टी

बॉनेटची झाली छाती, दारांचे झाले हात, डिकी ताणली की निघाले पाय! १९८४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आणले आणि घरोघरी गाड्यांचे हातपाय पिरगाळणं सुरू झालं. ती पोरं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. तेव्हा जे हरवलं ते आज चढ्या भावाने परत घ्यायला त्यांची तयारी आहे. भाव करताना मात्र रोबोकडे नंतर पाहतात. आधी पाहतात ती चिल्लर, म्हणजे मुलांनी पहिल्याच आठवड्यात हरवलेल्या, फाडलेल्या, फेकलेल्या गोष्टी.

ड्रायव्हर गेला, सीट राहिली
हे रोबो मुळात अमेरिकन नाहीतच. जपानच्या ताकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या दोन मालिकांचे साचे हॅस्ब्रोने उचलले. डायाक्लोनच्या गाड्या साधारण १:६० प्रमाणात असायच्या आणि आत एक टिचभर ड्रायव्हर बसायचा. अमेरिकेत कथा बदलली. गाडी स्वतःच जिवंत झाली, त्यामुळे ड्रायव्हरची नोकरी गेली. ऑप्टिमस प्राइम या ट्रक-रोबोच्या केबिनमध्ये मात्र त्याची सीट अजून आहे.

बंबलबी गुबगुबीत का?
‘मायक्रो चेंज’मधले रोबो घरातल्या वस्तूंचं सोंग घ्यायचे: कॅसेट प्लेअर, पिस्तूल आणि चक्क खेळण्यातली गाडी. बंबलबी ही बीटल गाडीची छोटी प्रतिकृती नव्हती. ती होती खेळण्यातल्या बीटलची अगदी खऱ्या मापाची प्रत! गाल फुगल्यासारखा आकार त्यातूनच आला. २००७ च्या चित्रपटात त्याची कॅमॅरो झाली, २०१८ च्या चित्रपटात तो पुन्हा बीटलवर आला.

शिक्क्यावरच्या सालाला भुलू नका
खेळणं उलटं करा. अंगावर १९७४ किंवा १९८० असं साल कोरलेलं दिसेल. विकणारा छाती फुगवून सांगेल, ‘बघा, सत्तरच्या दशकातला माल!’ ते साल असतं जुन्या मालिकेच्या कॉपीराइटचं. खेळणं कारखान्यातून कधी बाहेर पडलं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

घासा आणि ओळखा
बाजारात नकला बोकाळल्या तेव्हा १९८५ साली हॅस्ब्रोने एक चौकोनी स्टिकर आणला. बोटाने घासला की उष्णतेने रंग बदलायचा आणि ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉन या रोबोंच्या दोन गटांपैकी एकाचं चिन्ह उमटायचं. त्याआधीच्या प्रतींना संग्राहक ‘प्री-रब’ म्हणतात आणि त्यांच्यावर जास्त जीव टाकतात. थोडक्यात, अस्सलपणाची खूण ज्याच्यावर नाही तोच जास्त मानाचा!

मुठी आहेत का मुठी?
ऑप्टिमस प्राइम विकत घेताना पहिला प्रश्न हाच. त्याच्या मुठी सुट्या यायच्या, गाडी करताना काढून ठेवायच्या. काढून ठेवलेली इवलीशी मूठ कुठे जाते हे पालकांना विचारा. बंदुका आणि रॉकेटं हरवलेल्यांच्या यादीत त्यानंतर येतात. रॉकेटांची आणखी एक गंमत आहे. जपानी खेळण्यातून ती सणसणीत उडायची, पण अमेरिकेत मुलांच्या डोळ्यांची काळजी म्हणून स्प्रिंग कमजोर केल्या. त्यामुळे अमेरिकन प्रतीत रॉकेट पुढ्यातच टपकलं तर तो बिघाड समजून भाव पाडू नका.

डब्याला भोक कुणी पाडलं?
कंपनीनेच पाडायला लावलं! डब्यावर ‘रोबो पॉइंट’ छापलेले असत. ते कापून, थोडे पैसे जोडून पाठवले की टपालाने वेगळं खेळणं मिळे. पात्राची माहितीही डब्याच्या पाठीवरच होती. ताकद, वेग, बुद्धी यांचे आलेख लाल पट्टीतून पाहिल्यावरच दिसायचे, म्हणून मुलांनी तोही भाग कात्रीने कापला. न कापलेला डबा म्हणूनच दुर्मीळ, आणि कधी कधी आतल्या खेळण्याइतकाच महाग. टपालाने येणाऱ्यांत ‘ऑम्निबॉट’ नावाच्या तीन गाड्या होत्या. त्या दुकानात कधी आल्याच नाहीत, त्यामुळे त्यांना रंगीत डबाही नाही. त्यांच्या बाबतीत टपालाच्या साध्या खोक्यालाच भाव!

चेहरा म्हणजे एक स्टिकर
आयर्नहाइड आणि रॅचेट या दोन व्हॅन जरा जवळून बघा. कार्टूनमध्ये दोघांना छान डोकी आहेत. खेळण्यात व्हॅन उलगडली की मान दिसत नाही आणि डोकंही नाही. पुढच्या काचेमागे सीट आहे आणि त्या सीटवर चिकटवलेला चेहऱ्याचा स्टिकर, एवढंच. आता हे स्टिकर कारखान्यात लागून येत नसत, मुलांनी घरी लावायचे. कुणी वाकडे लावले, कुणी भलतीकडे. स्टिकर निघाला की रोबोचा चेहराच गेला. त्यामुळे न वापरलेला स्टिकरचा कागद सापडला तर त्याचे वेगळे पैसे मोजणारे लोक आहेत.

एक साचा, तीन भाऊ
निस्सान फेअरलेडीचा एकच साचा. त्यातून निघाले पोलिसी प्राउल, शर्यतबाज स्मोकस्क्रीन आणि रुपेरी ब्लूस्ट्रीक. ‘ब्लू’ असूनही रुपेरी! सुरुवातीच्या कॅटलॉगातल्या फोटोत तो निळा होता. अमेरिकन दुकानात निळी प्रत कधी विकली गेली का, यावर संग्राहक अजून हमरीतुमरीवर येतात. म्हणून निळा ब्लूस्ट्रीक कुणी पुढे केला तर आधी तो जपानी डायाक्लोन आहे का ते पाहा.

सिगारेट मुलांना चालत नाही
मिराज हा निळा रोबो म्हणजे फ्रान्सच्या लिजिए संघाची जेएस११ ही फॉर्म्युला वन गाडी. खऱ्या गाडीवर ‘जितान’ या सिगारेटची जाहिरात होती. खेळण्यावरच्या स्टिकरमध्ये पहिलं इंग्रजी अक्षर ‘जी’ बदलून ‘सी’ केलं आणि काम भागवलं. सिगारेट पुसली, पण लांबून जाहिरात तीच!

ऊन लागलं की कावीळ
पांढऱ्या गाड्यांचं प्लास्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. खिडकीतल्या शोकेसवर हौसेने मांडलेल्यांचे हाल सर्वांत वाईट. काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून, वर अतिनील प्रकाश देऊन ते पुन्हा पांढरं करतात. काही काळाने कावीळ परतू शकते, म्हणून असा ‘धुतलेला’ माल विकताना तसं सांगणं हा सभ्यपणा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वापरलेल्या सोनेरी, चमचमत्या प्लास्टिकची गत याहून वाईट. नुसतं फिरवायला गेलात तरी सांधा बिस्किटासारखा तुटतो. सोनेरी दिसलं की हात आखडता घ्या.

नेलपॉलिशचा दवाखाना
रोबो उभा केला की लटपटून पडतो? गोल सांध्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. सांधा घट्ट होतो. घाईने ओल्यातच जोडलात तर मात्र तो कायमचा घट्ट होईल.

गाडीवाल्यांची गाडी
२००३ साली ताकाराने ‘बिनाल्टेक’ मालिका काढली आणि निव्वळ गाड्यांचे शौकीनही या नादाला लागले. १:२४ प्रमाण, धातूचे भाग, रबरी टायर, उघडणारी दारं, वळणारी पुढची चाकं. वर सुबारू, माझदा, डॉज अशा कंपन्यांचा रीतसर परवाना. हॅस्ब्रोने हीच खेळणी ‘ऑल्टरनेटर्स’ नावाने प्लास्टिकमध्ये काढली. यात धातूची जड प्रत भारी वाटते खरी, पण रूप बदलताना तिचा रंग कडांवर खरवडला जातो. दाराच्या आणि बॉनेटच्या कडा भिंगाखाली पाहूनच पैसे मोजा.

तीन प्रश्न, एक निकाल
नवी गाडी असो की जुनी, जाणकार तीन गोष्टी तपासतात. गाडीच्या रूपात फटी किती दिसतात? रोबोच्या पाठीवर अर्धी गाडी लोंबकळते आहे का? छातीवरचं बॉनेट खरंच गाडीचं आहे, की खरं पाठीत दडवून खोटं पुढे लावलंय? तिन्हींत पास होणारी खेळणी मोजकीच.

आपल्याकडे भाव चढा का?
२०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्हाची सक्ती आली. पुण्या-मुंबईच्या दुकानात परदेशी रोबोची किंमत पाहून घाम फुटतो, त्याचं एक कारण हे.

खरीखुरी पण आहे!
२०१८ साली जपानमध्ये ‘जे-डाइट राइड’ ही खरी रोबो-गाडी लोकांसमोर आली. उभी राहिली की उंची ३.७ मीटर, आत दोन माणसं बसतात आणि साधारण मिनिटभरात रोबोची गाडी होते. हिच्या मुठी निदान सोफ्याखाली तरी जाणार नाहीत.