हिऱ्यातल्या शेजाऱ्यांनी कधी बोलायचं?

‘क्वांटम’ हा शब्द हल्ली बातम्यांत सारखा येतो. गटातल्या बायका विचारतात, यानं आपले फोनवरचे व्यवहार सुरक्षित होणार का? आम्ही वाचून जे समजून घेतलं, ते आज सांगतो.

साध्या संगणकात माहितीचा कण म्हणजे ० किंवा १. क्वांटम कणाला क्यूबिट म्हणतात. मोजेपर्यंत तो दोन्हींच्या मिश्रणात असतो. त्याची हुबेहूब नक्कल करता येत नाही आणि मध्येच कोणी डोकावलं तर खूण उरते. म्हणून गुप्त संदेशांसाठी त्याचं मोल.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे शास्त्रज्ञ यासाठी कृत्रिम हिरा वापरतात. हिरा कार्बनचा. त्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसतो आणि शेजारची जागा रिकामी राहते. तिथला इलेक्ट्रॉन हा क्यूबिट. २०१५ मध्ये त्यांनी १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतवून दाखवले. प्रत्येक हिऱ्यातून निघालेला प्रकाशकण काचेच्या तारेतून मधल्या ठिकाणी जातो आणि तिथे ही गाठ बसते. बहुतेक प्रकाशकण वाटेतच हरवतात, म्हणून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

खरी अडचण पुढेच. दूरचं जाळं विणायचं तर मधल्या हिऱ्याला एकीकडची गाठ सांभाळत दुसरीकडची बांधावी लागते. पहिली ठेवायची कुठे? हिऱ्यातल्या दर शंभर कार्बनपैकी साधारण एक जरा जड असतो आणि चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. असे शेजारी इलेक्ट्रॉनला त्रास देतात, पण त्यांच्यातलाच एक आठवण जपायला कामी येतो.

त्याच्याशीच बोलायचं कसं? झोक्याला लयीत हात दिला की तो उंच जातो, अवेळी दिला तर अडखळतो. तसंच इलेक्ट्रॉनला सूक्ष्मलहरींचे ठोके ठरावीक अंतरानं देतात. लय जुळलेल्या कार्बनवर परिणाम साचत जातो, बाकीच्यांचा त्रास बराचसा कटतो.

आठवण ठेवून झाली की उलट काम. शेजारी मिक्सर चालू असताना पाळण्यातलं बाळ झोपलेलं राहावं, तसं इलेक्ट्रॉनची खटपट चालू असताना त्या कार्बनला जपायचं. जोरदार चुंबकीय क्षेत्र लावल्यावर तो कमी बिथरतो. याच जोरावर २०२१ मध्ये डेल्फ्टला तीन हिऱ्यांचं जाळं चाललं. मधल्यानं दोन्ही गाठी जोडल्या आणि टोकाचे दोघे थेट न भेटता गुंतले.

म्हणजे नुसतं जोडून भागत नाही. कधी बोलू द्यायचं आणि कधी गप्प ठेवायचं, हे हातात असावं लागतं.

आपल्याकडेही एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींहून अधिक रकमेचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं. त्यातलं सूक्ष्म मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

पण मैत्रिणींनो, आपलं आजचं यूपीआय या जाळ्यावर चालत नाही. आणि उद्या चाललं, तरी आपणच फोनवर ओटीपी सांगितला तर कोणताही हिरा वाचवणार नाही. तेव्हा पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचं नाव घेऊन विचारणाऱ्यालाही नाही.