देणगीआड दडलेली उणीव



आमच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत भाताची कापणी आटोपली, की रिकाम्या शेतांची पाहता पाहता क्रीडांगणे होतात. नाताळच्या सुट्टीत तर सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत तेथे मुलांचा कलकलाट असतो. यष्ट्या म्हणून तीन काठ्या, सीमारेषा म्हणून शेताचा बांध, आणि चेंडू बहुधा टेनिसचा. अशा प्रत्येक मैदानावर एखादा मुलगा असा असतो, की त्याची फलंदाजी पाहण्यासाठी रस्त्याने जाणारा माणूसही क्षणभर थांबतो, आणि बांधावर बसलेली वडील मंडळी म्हणतात, "हा पोरगा गावाचे नाव काढणार."

वीसेक वर्षांच्या शिक्षकी पेशात असे उद्गार मी अनेक मुलांविषयी ऐकले. काहींविषयी ते स्वतःही काढले. त्यांतील फारच थोड्यांचे नाव पुढे तालुक्याबाहेर गेले. असे का होते, याची दोन उत्तरे लोकांजवळ तयार असतात. एक म्हणजे नशीब, आणि दुसरे म्हणजे पोराच्या डोक्यात हवा गेली. दोन्हींत थोडेफार तथ्य असेल. परंतु शिकविणाऱ्याला या उत्तरांचा उपयोग नाही, कारण त्यांतून करण्यासारखे काहीच निष्पन्न होत नाही. म्हणून आज या प्रश्नाचा जरा निराळ्या बाजूने विचार करू.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेतो. २०१३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात पृथ्वी शॉ या विद्यार्थ्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. त्याला नुकतेच चौदावे वर्ष पुरे झाले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोट येथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. पदार्पणात शतक काढणारा तो सर्वांत लहान वयाचा भारतीय ठरला. धावांसाठी जन्मलेला मुलगा, असेच त्या दिवशी सारे म्हणत होते.

पुढची हकीकत मात्र वेगळी आहे. आधी घोट्याची दुखापत झाली. मग २०१९ मध्ये निषिद्ध द्रव्य पोटात गेल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. हे द्रव्य खोकल्याच्या औषधातून नकळत घेतले गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळानेही मान्य केले होते. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेड येथील कसोटीत त्याच्या धावा झाल्या ० आणि ४. दोन्ही डावांत चेंडू बॅट आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून आत शिरला आणि यष्ट्या उडाल्या. पाच कसोटी सामने आणि ३३९ धावा, येथे त्याची कसोटीतील नोंद थांबली. २०२३ च्या जानेवारीत आसामविरुद्ध त्याने ३७९ धावा केल्या. रणजी करंडकाच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी एकच आहे. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी केलेल्या नाबाद ४४३ धावांची. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात एकाही संघाने त्याच्यावर बोली लावली नाही.

या घसरणीची कारणे पुष्कळ सांगितली जातात. मी त्यांतले एकच घेतो, कारण ते आपल्या शाळेच्या मैदानावरही लागू पडते. ॲडलेडला पहिल्या डावात तो बाद होण्याच्या काही क्षण आधी, ऑस्ट्रेलियाचा जुना कर्णधार रिकी पाँटिंग समालोचन करताना सांगत होता, की आत येणाऱ्या चेंडूला याच्या बॅट आणि पॅडमध्ये फट राहते. लगेच तसेच घडले. ही उणीव त्या दिवशी निर्माण झालेली नव्हती. मग ५४६ धावा होईपर्यंत ती कोणाला कशी नडली नाही?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अठरा मीटर अंतर कापतो. शालेय गोलंदाजाचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर त्याला सुमारे ०.६५ सेकंद लागतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकणाऱ्याचा चेंडू सुमारे ०.४५ सेकंदातच येऊन पोहोचतो. फरक किती? एक पंचमांश सेकंद. डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढा. परंतु सारे रहस्य त्या एवढ्याशा अवधीत आहे. ज्या मुलाची नजर तीक्ष्ण आणि मनगट चपळ असते, त्याचा पाय चुकीच्या जागी पडला तरी त्या अवधीत हात ती चूक सावरून घेतो. चेंडू बॅटवर बसतो, चौकार जातो, टाळ्या पडतात. पाय चुकला होता, हे ना मुलाला कळते, ना टाळ्या वाजविणाऱ्याला. पुढे वरच्या दर्जाचा गोलंदाज तो अवधीच काढून घेतो. आणि इतकी वर्षे झाकलेली चूक हजारो लोकांसमक्ष उघडी पडते.

सामान्य मुलाचे तसे नसते. त्याचा पाय चुकला की तो बाराव्या वर्षीच त्रिफळाचीत होतो. शिक्षक त्याला बोलावून पाय कोठे टाकावा ते दाखवितात, तो घोटून घोटून ते शिकतो. म्हणजे शिकण्याची संधी सामान्य मुलाला रोज मिळते, आणि असामान्य मुलाला ती मिळतच नाही. निसर्गाची देणगी उणीव भरून काढीत नाही. ती उणीव झाकून ठेवते.

म्हणूनच धावसंख्येवरून भविष्य वर्तविताना समोर कोण होते, हेही पाहावे लागते. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या पर्वरीच्या मैदानावर कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर या गोव्याच्या फलंदाजांनी ६०६ धावांची अभंग भागीदारी केली. रणजी करंडकात एवढी मोठी भागीदारी पूर्वी झाली नव्हती, आणि तिचा अभिमान आपणा सर्वांना आहे. परंतु समोर अरुणाचल प्रदेशचा नवखा संघ होता, हे आपण विसरत नाही. अभिमान बाळगावा आणि मापही ठेवावे, यात विरोध नाही.

मुंबईचे रमाकांत आचरेकर सर हे मर्म ओळखून होते. तेंडुलकर सरावात बाद होईनासा झाला, तेव्हा ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो त्याला बाद करील त्याला ते नाणे. कोणीच करू शकला नाही, तर ते तेंडुलकरचे. तेंडुलकरने अशी तेरा नाणी जिंकली. रुपयाचे मोल ते काय? परंतु ज्या मुलाला नेहमीचा सराव सोपा झाला होता, त्याच्यापुढे सरांनी अधिक कठीण प्रश्न ठेवला. हुशार मुलाला कौतुकापेक्षा कठीण प्रश्नाची गरज अधिक असते.

येथे कोणी मला अडवील. याच सरांच्या हाताखाली विनोद कांबळीही शिकला. १९८८ च्या फेब्रुवारीत शारदाश्रमाच्या या दोन विद्यार्थ्यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तीत कांबळीच्या नाबाद ३४९ आणि तेंडुलकरच्या नाबाद ३२६ धावा होत्या. पुढे १९९३ मध्ये कांबळीने लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७ धावा काढल्या. कसोटीतील हजार धावा त्याने अवघ्या चौदा डावांत पुऱ्या केल्या. मग वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी छातीच्या उंचीवर उसळणाऱ्या चेंडूंनी त्याला सतावले, आणि १९९५ च्या नोव्हेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. सतरा कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. एक गुरू, एक मैदान, आणि दोन निराळी आयुष्ये! हा आक्षेप खरा आहे. शिक्षकाच्या हाती सर्व काही नसते. परंतु ५४ ची सरासरी असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला पुन्हा कसोटीची संधी मिळाली नाही, ही गोष्टही डोळ्याआड करता येत नाही. उणीव उघडी पडते, तो दिवस खरे तर शिकण्याचा पहिला दिवस असतो. आपल्याकडे मात्र तोच पुष्कळदा शेवटचा ठरतो.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्याच्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. शाळा-महाविद्यालयांतून निवडलेल्या मुलांना तेथे बहुधा थेट मोठ्या संघात घेत नाहीत. खालच्या श्रेणीच्या संघांतून एकेक पायरी चढत त्यांना वर यावे लागते, आणि वर आलेला खेळाडू अडखळू लागला तर पुन्हा खाली शिकावयास पाठवितात. दहा वेळांतून तीनदा चेंडू नीट टोलविणारा तेथे उत्तम फलंदाज गणला जातो. अपयश हे खेळाचेच अंग आहे, हे तेथे गृहीत धरलेले आहे. सेंट लुईसच्या संघात रिक अँकील नावाचा तरुण चेंडूफेक करणारा होता. विसाव्या वर्षी तो मोठ्या संघात आला. २००० सालच्या ऑक्टोबरात एका महत्त्वाच्या सामन्यात त्याची दिशा एकाएकी हरपली, आणि एकाच डावात त्याचे पाच चेंडू भलतीकडेच गेले. पुढे कित्येक वर्षे झगडूनही ती दिशा पूर्ववत सापडली नाही. २००५ मध्ये त्याने चेंडूफेक सोडली, आणि खालच्या संघांत जाऊन तो फलंदाजी शिकला. २००७ च्या ऑगस्टमध्ये तो क्षेत्ररक्षक आणि फलंदाज म्हणून त्याच मोठ्या संघात परतला. आणि पहिल्याच दिवशी त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. खाली जाणे ही तेथे शिकण्याची एक पायरी होती, म्हणून त्याला परत येता आले.

एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. मडगावात जन्मलेले आपले दिलीप सरदेसाई १९६१ मध्ये कसोटी खेळू लागले. पुढे त्यांचे संघातील स्थान डळमळीत झाले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर गेले तेव्हा ते तीस वर्षांचे होते, आणि त्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. किंग्स्टनला भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असताना ते उभे राहिले आणि त्यांनी २१२ धावा काढल्या. त्या मालिकेत त्यांच्या एकूण ६४२ धावा झाल्या, आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली. तेविसाव्या वर्षीच त्यांच्यावर कायमचा शिक्का मारला असता, तर हा इतिहास घडला नसता.

आता थोडे स्वतःविषयी. सुमारे बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. टेनिसच्या चेंडूवर त्याला बाद करणारा गोलंदाज आमच्या पंचक्रोशीत नव्हता. आम्ही त्याला कर्णधार केले. सामना असला की त्याचा गृहपाठ माफ असे; सरावाला उशिरा आला तरी कोणी बोलत नसे. त्याचा पुढचा पाय जागचा हलत नाही, हे मला दिसत होते. एकदा मी तसे म्हणालोही. तो हसून म्हणाला, "पण सर, चेंडू लागतो ना!" आणि चेंडू खरोखरच लागत होता. मी गप्प बसलो. शाळेला चषक हवा होता. मलाही हवा होता.

पुढे तो निवड चाचणीस गेला. तेथे चामड्याचा चेंडू होता आणि खऱ्या वेगाचे गोलंदाज होते. दोन दिवसांत तो दोनदा त्रिफळाचीत झाला. तिसऱ्या दिवशी तो गेलाच नाही, आणि मीही त्याच्या घरी जाऊन त्याला परत मैदानावर आणले नाही. आज तो मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवितो. रस्त्यात भेटला की हात उंचावून हाक मारतो. त्याचा संसार नीट चालला आहे, याचा मला आनंद आहे. परंतु त्याचे ते वाक्य आठवले की वाटते, ज्या दिवशी मी गप्प बसलो, त्या दिवशी शिक्षक म्हणून मीच त्रिफळाचीत झालो होतो.

म्हणून पालकांना आणि सहकारी शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की मुलगा पन्नास धावा काढून आला, तर त्याला शाबासकी द्यावीच. आणि मग विचारावे, यांतल्या किती धावा चुकीच्या पायावर निघाल्या? त्याला वर्षातून चार-दोनदा तरी मोठ्या मुलांत, जड चेंडूवर, हरण्यासाठी खेळू द्यावे. आणि तो हरून घरी आला, तर त्या संध्याकाळी त्याला एकटे सोडू नये. हेच गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला लागू आहे, आणि गोड गळ्याच्या मुलालाही.

पृथ्वी शॉने २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राचा संघ धरला, आणि ऑक्टोबरात चंडीगढविरुद्ध २२२ धावा काढल्या. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्याची फट बुजली की नाही, हे २२२ या आकड्यावरून सांगता येणार नाही. ते वेगवान गोलंदाजच सांगतील. आपण मात्र निकाल देण्याची घाई करू नये. तिशीतले सरदेसाई आपल्याच मातीतले होते.