थिबा राजा आपल्या गावी का आला?



रत्नागिरीत रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा’ म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. संध्याकाळी थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी बघणं हे आपल्या सवयीचं. पण हा थिबा कुठला, इथे का आणि त्याला कुणी आणलं, असं मुलांनी विचारलं की आपण ‘ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी कैद करून आणला’ एवढं सांगून मोकळ्या होतो. गटातल्या एकीच्या नातवाने पुढचा प्रश्न विचारला, ‘पण त्याने केलं काय होतं?’ उत्तर कुणालाच नीट देता येईना. म्हणून आज तेच सांगायचं ठरवलं आहे.

ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. तिथल्या राजांशी इंग्रजांची तीन युद्धं झाली. पहिलं १८२४ ते १८२६. त्यात राजाला आराकान आणि तेनासेरीम हे किनाऱ्याचे प्रांत सोडावे लागले, वर मोठा दंडही भरावा लागला. दुसरं १८५२ मध्ये. त्यात रंगून बंदरासह सगळा खालचा ब्रह्मदेश गेला. राजाकडे उरला तो वरचा भाग; पुढे मंडाले ही त्याची राजधानी झाली. समुद्र हातचा गेला. आपल्याकडे कुणी बंदर अडवलं तर मासळी बाजारात जायची कशी? तशी त्या राज्याची गत झाली. परदेशातून काही आणायचं तर इंग्रजांच्या दारातूनच आणायचं, तोफा-बंदुकासुद्धा.

थिबा १८७८ मध्ये गादीवर आला, तेव्हा तो विशीच्या आसपास होता. तो काही साधुसंत नव्हता. गादीवर आल्यावर थोड्याच महिन्यांत राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची हत्या झाली. पण इंग्रजांनी युद्ध केलं ते त्यासाठी नव्हे. हत्या १८७९ मधली आणि युद्ध १८८५ मधलं. मग मधल्या काळात काय झालं?

झालं ते असं. शेजारच्या व्हिएतनाममध्ये फ्रान्स पाय पसरत होता. थिबाने विचार केला की एक बलाढ्य शेजारी गळ्याशी आला आहे, तर दुसऱ्याशी मैत्री करावी. जानेवारी १८८५ मध्ये पॅरिसला फ्रान्सशी व्यापाराचा तह झाला. फ्रान्सच्या बाजूने ब्रह्मदेशात शस्त्रं येऊ देण्याचीही आतून बोलणी होती. हे इंग्रजांच्या कानावर गेलं आणि त्यांना धडकी भरली. हिंदुस्थानच्या पूर्वेच्या दारात फ्रान्स उभा राहिला तर?

दोन मोठ्यांच्या मधल्या लहान राज्याचं हेच दुखणं असतं. एकाशी बोललं की दुसऱ्याला संशय येतो. शिवाय ज्याच्या भरवशावर राहावं तो वेळेला उभा राहीलच असं नाही. तसंच झालं. मार्च १८८५ मध्ये व्हिएतनामच्या लढाईत फटका बसल्याने फ्रान्सचे पंतप्रधान ज्यूल फेरी यांचं सरकारच पडलं. थिबा एकटा राहिला.

आता निमित्त हवं होतं, ते मिळालं सागाच्या लाकडाचं. मुंबईची बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तिथल्या जंगलातून साग तोडून नेत असे. नेले ओंडके जास्त आणि दाखवले कमी, असा आरोप ठेवून राजाच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. कंपनीने इंग्रज सरकारकडे धाव घेतली. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या सरकारने थिबाला निर्वाणीचा खलिता पाठवला. १० नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्या, नाहीतर परिणामांना तयार राहा.

त्यातल्या अटी समजून घेऊ. कंपनीचा दंड थांबवा आणि इंग्रजांचा वकील मंडालेत मानाने ठेवून घ्या, त्याच्या सल्ल्याने तो प्रश्न सोडवा. चीनशी व्यापार करायला वाट द्या. आणि परदेशांशी संबंध हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्यानेच ठेवा. खरी मेख या शेवटच्या अटीत होती. एखाद्या बाईला कुणी म्हणालं, ‘घर तुझंच, पण कुणाला बोलवायचं ते आम्हाला विचारून ठरव,’ तर घर तिचं राहिलं का? थिबाने काही अटींवर नमतं घेतलं, ही मात्र सरळ मान्य केली नाही. तेवढं पुरेसं होतं.

युद्ध म्हणावं तर ते दोन आठवडेच चाललं. इरावती नदी हाच रस्ता. जनरल प्रेंडरगास्ट यांची सुमारे दहा हजार फौज आगबोटींतून वर निघाली. राजाने नदीकाठी इटालियन कारागिरांकडून किल्ले बांधून घेतले होते, पण त्यांच्या तोफांची तोंडं नदीकडे. इंग्रजांनी काठावर माणसं उतरवून मिन्हलाचा किल्ला जमिनीच्या बाजूने घेतला. २८ नोव्हेंबरला मंडाले पडलं. दुसऱ्या दिवशी राजा आणि राणी सुपयालत यांना लोकांच्या देखत नदीवर नेऊन बोटीत बसवलं. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी मात्र एवढ्यात हार मानली नाही. गावोगावी पुढे काही वर्षं लढा चालू होता.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या मोहिमेत हिंदी शिपाई होते आणि खर्चही हिंदुस्थानच्या तिजोरीतून. त्याच डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ब्रह्मदेश खालसा करण्याबद्दल नापसंतीचा ठराव तिथे झाला. म्हणजे पैसे आपले, माणसं आपली आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा, हे तेव्हाच्या लोकांनाही खुपत होतं.

आता रत्नागिरीच का? राजाला त्याच्या माणसांपासून लांब ठेवायचं होतं. आधी मद्रासला नेलं. राणी तेव्हा गरोदर होती. तिसरी मुलगी मद्रासला झाली. एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना बोटीने रत्नागिरीला आणलं. इथे ना रेल्वे, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. कैद्याला ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? चौथी मुलगी इथेच, १८८७ मध्ये झाली. बरीच वर्षं बंगल्यांत राहिल्यावर १९१० मध्ये आज आपण बघतो तो राजवाडा पुरा झाला.

सरकारकडून मिळणारा तनखा पुरेना, म्हणून जवळचे हिरे-माणकं विकून घर चालत असे. मुली मराठी बोलू लागल्या. पण लग्नं कुणाशी करायची? राजघराण्याचा वर रत्नागिरीत कुठून मिळणार आणि सरकारच्या परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. तिकडे मुलीचे कान टोचणं हा मोठा सोहळा असतो. राजकन्यांचा तो सोहळासुद्धा इथेच आणि त्या मोठ्या झाल्यावर झाला. थोरल्या राजकन्येचं मन राजवाड्यावर कामाला असलेल्या, आधीच लग्न झालेल्या माणसावर जडलं आणि तिला टुटू ही मुलगी झाली.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. त्याला मायदेशी न्यावं ही राणीची मागणी मान्य झाली नाही. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली होती. दोघांच्या समाध्या रत्नागिरीतच आहेत. १९१९ मध्ये कुटुंब रंगूनला गेलं, पण थोरली राजकन्या टुटूला घेऊन परत रत्नागिरीत आली आणि इथेच तिचा शेवट झाला. राजाची ही नात साध्या मराठी बाईसारखी, कष्टाने लेकरं वाढवत, आपल्यातच जगली.

गंमत बघा. १८५८ मध्ये इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं आणि तीस वर्षांच्या आत रंगूनकडचा राजा रत्नागिरीला आणला. २०१२ मध्ये आपले पंतप्रधान मनमोहन सिंग जफरच्या कबरीवर गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले. ज्यांनी दोघांना हलवलं, ते मधल्या काळात केव्हाच निघून गेले होते.

तर नातवाला काय सांगायचं? राजाने काय केलं, त्यापेक्षा तो कुणाच्या मधे सापडला, ते सांगा. तहाच्या कागदावर सह्या पुरुषांनी केल्या. त्याची किंमत एका गरोदर राणीने, तिच्या चार मुलींनी आणि एका नातीने भरली. आज बातम्यांत निर्वाणीचे इशारे, निर्बंध, शस्त्रांचे करार हे शब्द आले की आपणही विचारू या, यात कुठल्या घराचं दार कोण बंद करतंय?

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन राजवाड्यातलं संग्रहालय बघून या, आणि वाटेत समाधीपाशीही थांबा. तुमच्या घरी आजी-पणजीकडून थिबा राजाच्या काही आठवणी आल्या असतील तर आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात त्या वाचून दाखवू. नमस्कार.