चहा-पावाऐवजी नागलीची आंबोळी

डहाणू-तलासरीच्या वस्त्यांत आम्ही सकाळी जातो तेव्हा पोरांच्या हातात चहा आणि मैद्याचा पावच दिसतो. डोंगरउतारावर पिकणारी नागली 'गरिबाचं अन्न' म्हणून मागे पडली. बायांनो, 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं! पीठ आंबवलं की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, लोह अंगी लागतं. शहरात महाग विकला जाणारा सावरडो पावही असाच, यीस्टची पुडी न घालता आंबवतात.

रात्री पीठ सरसरीत भिजवा, त्यात कालचं चमचाभर आंबलेलं पीठ घाला. पहिल्या वेळी ताक चालेल. उन्हाळ्यात 6-7 तास पुरतात. मीठ घालून लोखंडी तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजा. बुरशी दिसली तर सगळं फेका. चहा तासाभरानंच. आणि दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या सोडू नका.