उंचावरून नेम आणि अंतराचे गणित

जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला त्रिकोणमिती ठाऊक नसते. तरीही त्याचा धोंडा नेमका पाखरांच्या थव्यात जाऊन पडतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या हाताने एक गोष्ट आत्मसात केलेली असते. उंचावरून पाहताना डोळ्याला दिसणारे अंतर आणि नेम धरण्यासाठी लागणारे अंतर ही दोन्ही एकच नसतात. मचाणावर बसलेल्या तिरंदाजाला, किंवा भुलीच्या औषधाचा डार्ट सोडणाऱ्या पशुवैद्याला, हीच गोष्ट मोजून समजून घ्यावी लागते. कारण राखणदार दुसरा धोंडा उचलू शकतो, त्यांना दुसरी संधी क्वचितच मिळते.

बाण धनुष्यापासून सुटताक्षणी गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढू लागते. म्हणून सपाट मैदानावरील तिरंदाज आपला रोख लक्ष्याच्या किंचित वर ठेवतो, आणि अंतर वाढेल तसा तो अधिक वर नेतो. उंचावरून खाली बाण सोडला असता मात्र परिस्थिती बदलते. गुरुत्वाकर्षणाची ओढ सरळ खाली असते. बाणाचा मार्गच उतरता असल्याने त्या ओढीचा काही भाग मार्गाच्या दिशेने कामी येतो आणि बाणाला मार्गावरून वाकवणारा भाग कमी होतो. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या सपाट मार्गावर बाण जितका वाकला असता, तितका तो येथे वाकत नाही. यासाठीचा नियम सोपा आहे: रोख ठरवताना लक्ष्यापर्यंतचे तिरपे अंतर न धरता मचाणाच्या पायथ्यापासून लक्ष्यापर्यंतचे क्षैतिज अंतर धरावे. काटकोन त्रिकोणाच्या भाषेत सांगायचे तर कर्ण बाजूला ठेवावा आणि पाया हिशेबात घ्यावा.

अमेरिकेत झाडावर बांधलेल्या आसनावरून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याची प्रथा कायद्याच्या चौकटीत आजही चालू आहे, आणि अंतरमापक यंत्र हे तेथील तिरंदाजाचे नित्याचे साधन आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीला जागा ठेवलेली नाही. तथापि उंचावरून प्राण्यावर नेम धरण्याची वेळ येथेही येते. फरक एवढाच, की येथे उद्देश प्राण्याला मारण्याचा नसून जिवंत पकडण्याचा असतो.

बंगळूरच्या दक्षिण सीमेवरील इलेक्ट्रॉनिक सिटी हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या जमिनीवर ही उद्योगवसाहत वसवली. तिच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर, १९७४ साली घोषित झालेले बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. मध्यंतरीची शेते आणि माळराने इमारतींनी भरून गेली. बिबट्याची वाट मात्र पुरती बंद झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जवळच्याच कूडलू गेट भागात शिरलेला एक बिबट्या पकडण्याच्या मोहिमेत प्राणास मुकला. सप्टेंबर २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीच्या टोलनाक्याजवळ आणखी एक बिबट्या कॅमेऱ्यात टिपला गेला. अशा मोहिमांत गर्दी, अंधार, प्राण्याची भेदरलेली अवस्था असे अनेक प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. अंतर हा त्यांपैकी एक प्रश्न. परंतु आधीच तयारी केली तर तो निश्चितपणे सोडवता येतो.

असे समजू, की पशुवैद्य एका इमारतीच्या गच्चीवर आहे आणि त्याच्या बंदुकीचे तोंड प्राण्यापेक्षा ९ मीटर उंचीवर आहे. इमारतीपासून १२ मीटरवर बिबट्या उभा आहे. तिरपे अंतर १५ मीटर भरते. डार्टचा वेग सेकंदाला ४० मीटर मानला आणि रोख १२ ऐवजी १५ मीटरसाठी ठरवला, तर डार्ट अपेक्षित जागेच्या सुमारे १४ सेंटीमीटर वर जातो. मांडीच्या जाड स्नायूवर रोखलेला डार्ट एवढ्या चुकीने पाठीच्या कण्याजवळ रुतू शकतो, किंवा अंगावरून निसटून जाऊ शकतो.

डार्ट सोडणाऱ्या वायुदाबाच्या बंदुकीत दाब अंतरानुसार कमीअधिक करावा लागतो. दाब अपुरा पडला तर डार्ट लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही अथवा औषध पूर्णपणे टोचले जात नाही. अर्धवट भूल चढलेला बिबट्या माणसांना आणि स्वतःलाही धोकादायक ठरतो. दाब प्रमाणाबाहेर झाला तर डार्टच्या आघातानेच स्नायू फाटतात, प्रसंगी हाड मोडते. अंतराचा अंदाज हा म्हणूनच केवळ नेमबाजीचा नव्हे, तर उपचाराचाही भाग ठरतो.

अंतर मोजण्याची जुनी प्रकाशीय यंत्रे दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून काम करीत. १८८८ साली लीड्स येथील बार आणि स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी अशा यंत्राचा पाठपुरावा सुरू केला, आणि पुढे सैन्यांत व नौदलांत ती रूढ झाली. १९६० मध्ये पहिला लेसर कार्यान्वित झाल्यानंतर निराळी पद्धत हाती आली. यंत्रातून प्रकाशाचा सूक्ष्म स्पंद बाहेर पडतो, लक्ष्यावर आपटून परततो, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. १५ मीटरवरील वस्तूपर्यंत जाऊन परतण्यास प्रकाशाला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. आजच्या अनेक यंत्रांत उताराचा कोन मोजणारा घटकही असतो. तो तिरप्या अंतरावरून क्षैतिज अंतर स्वतःच काढून देतो.

यंत्राला मात्र बिबट्या आणि गवताची काडी यांतील भेद कळत नाही. मध्ये आलेल्या फांदीवरून प्रकाश परतला, तर यंत्र फांदीचेच अंतर दाखवते. म्हणून अनुभवी तिरंदाज प्राणी येण्यापूर्वीच आजूबाजूच्या खुणांची मोजणी करून ठेवतो. यात एक साधी युक्ती आहे. झाडाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर मोजताना यंत्र खाली मुळाशी न रोखता आपल्या डोळ्यांच्या पातळीवर खोडावर रोखावे. झाड सरळ वाढलेले असेल, तर मिळणारा आकडा हेच क्षैतिज अंतर असते. कोन मोजण्याची गरजच उरत नाही. गच्चीवरील पशुवैद्याला समोरचा विजेचा खांब याच कामी येतो.

अंतर अचूक असूनही एक मर्यादा राहते. प्राणी अगदी पायथ्याशी आला की उतार तीव्र होतो, आणि वरून त्याची कूस न दिसता पाठ आणि कणा दिसतो. डार्टसाठी योग्य असा स्नायूंचा भाग तेव्हा झाकला जातो. अशा वेळी घाईने नेम न धरता प्राणी थोडा दूर जाऊ देणे श्रेयस्कर. गणित बरोबर आले म्हणून डार्ट सोडलाच पाहिजे, असे नाही.

हाच त्रिकोण वन्यजीवशास्त्रात आडवाही उपयोगी पडतो. कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात १९८० च्या दशकात उल्लास कारंत यांनी हरणे, गवे आदी प्राण्यांच्या गणनेसाठी आखीव सरळ रेषेवरून चालत निरीक्षणे घेण्याची पद्धत वापरली. तीत प्राणी दिसताच निरीक्षक त्याचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन टिपतो. त्यांवरून प्राण्याचे रेषेपासूनचे लंब अंतर आणि पुढे प्राण्यांची घनता काढता येते. मचाणावर ज्या हिशेबाने पूर्वी प्राण्याचा बळी जात असे, त्याच हिशेबाने येथे प्राण्यांची मोजदाद होते, आणि शहराच्या गच्चीवर त्याच आधाराने भेदरलेल्या बिबट्याला जिवंत परत नेण्याची शक्यता वाढते.